परतीची वायर

पनवेलहून उरणकडे जाताना जासईच्या आसपास रस्त्याच्या कडेला कंटेनर वाहणारे ट्रेलर उभे दिसतात. न्हावा-शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदर १९८९ साली सुरू झाले, तेव्हापासून या भागात त्यांची अखंड ये-जा आहे. रात्रीच्या वेळी अशा ट्रेलरचे मागचे दिवे बंद असले, तर चाळीस फुटी कंटेनर मोटारसायकलस्वाराला अगदी जवळ जाईपर्यंत दिसत नाही. आणि हे दिवे बहुतेक वेळा बल्ब उडाल्यामुळे बंद पडत नाहीत. दोष असतो तो पुढच्या गाडीला आणि ट्रेलरला जोडणाऱ्या हातभर केबलमध्ये.

एका पावसाळ्यात मी तेथे चहासाठी थांबलो होतो. शेजारीच एका ट्रेलरचे काम चालले होते. ड्रायव्हरची तक्रार मोठी विचित्र होती. ब्रेक दाबला की ब्रेकचे लाल दिवे नीट पेटत नव्हते, पण दोन्ही बाजूंचे इंडिकेटर मात्र मिणमिणत होते. मिस्त्रींनी ऐकताक्षणी निदान केले, "अर्थ गेलाय." त्यांच्या हाताखालच्या मुलाने प्लग काढून त्याच्या पिनांना मल्टिमीटर लावला आणि म्हणाला, "पण मिस्त्री, मीटर तर बरोबर चोवीस दाखवतंय!"

मुलगा खोटे बोलत नव्हता, मीटरही बिघडलेला नव्हता, आणि तरीही मिस्त्रींचे निदान बरोबर होते. हे कसे, ते पाहू.

ट्रेलरच्या पुढे जोडलेल्या इंजिनाच्या गाडीला ड्रायव्हर मंडळी 'घोडा' म्हणतात. घोड्यावर २४ व्होल्टची बॅटरी असते. ट्रेलरला स्वतःची बॅटरी नसते, त्याला वीज मिळते ती सात पिनांच्या प्लगमधून. या पिनांचे क्रमांक आणि तारांचे रंग आंतरराष्ट्रीय मानकाने ठरलेले आहेत. क्रमांक ३ पिवळी तार डाव्या इंडिकेटरची, ५ हिरवी उजव्या इंडिकेटरची, ४ लाल ब्रेकच्या दिव्यांची, २ काळी व ६ तपकिरी मागच्या साध्या दिव्यांची. क्रमांक १ ची पांढरी तार म्हणजे अर्थ. बाकीच्या तारांतून गेलेली सगळी विद्युतधारा या एकाच तारेतून परत येते, म्हणून ती इतरांपेक्षा जाड असायला हवी.

शाळेत परिपथ शिकवताना आपण सेलपासून बल्बपर्यंतची वाट मन लावून समजावतो, परतीची वाट मात्र उरकून टाकतो. निदान मला तरी ती तशीच शिकवली गेली होती.

आता पांढरी तार तुटली असे समजा. ब्रेक दाबल्यावर धारा लाल तारेतून ट्रेलरच्या ब्रेकच्या दिव्यात येते आणि त्यातून पार होऊन सर्व दिव्यांच्या सामाईक अर्थ-बिंदूपाशी पोहोचते. पुढे रस्ता बंद. पण त्याच बिंदूला इंडिकेटरचे बल्बही जोडलेले आहेत. धारा त्यांच्यातून उलट्या दिशेने शिरते, पिवळ्या व हिरव्या तारेतून घोड्याकडे येते आणि घोड्याच्या इंडिकेटरमधून त्याच्या सांगाड्यात, म्हणजे बॅटरीच्या ऋण टोकाला पोहोचते. समांतर जोडणीतले दिवे असे नकळत एकसर जोडले गेले. २४ व्होल्ट तीन ठिकाणी वाटले गेले आणि सगळेच मंद झाले. ड्रायव्हरच्या तक्रारीचा उलगडा इथे होतो.

ट्रेलरचा पुढचा भाग घोड्याच्या ज्या जाड लोखंडी पाटावर टेकतो, त्यातूनही थोडीफार धारा परत येऊ शकते. पण त्या पाटावर ग्रीस थापलेले असते. त्यामुळे संपर्क वळणावर जुळतो, सरळ रस्त्यावर तुटतो. दोष कधी दिसतो, कधी नाहीसा होतो, तो यामुळे.

हल्ली अनेक ट्रेलरना एलईडी दिवे असतात. एलईडी उलट्या दिशेने धारा जाऊ देत नाही. म्हणजे अर्थ तुटला तर मिणमिणण्याची सूचनाही मिळत नाही, ट्रेलर मुकाट्याने अंधारात जातो.

मग मीटर २४ का दाखवत होता? तार पूर्ण तुटलेली नव्हती. उरणच्या मिठागरांची आणि खाडीची खारी हवा, त्यात पावसाचे पाणी. बारीक तारांच्या जुडग्यात पाणी केशाकर्षणाने आवरणाच्या आत वर चढते आणि तांबे काळे-हिरवे पडते. समजा अशा तारेचा रोध १,००० ओहम झाला. डिजिटल मल्टिमीटरचा स्वतःचा रोध सुमारे १ कोटी ओहम असतो. त्यातून धारा इतकी थोडी वाहते, की त्या १,००० ओहमवर जेमतेम अडीच मिलिव्होल्ट खर्ची पडतात आणि मीटर खुशाल २४ दाखवतो. पण २१ वॅटच्या बल्बला जवळजवळ ०.९ अँपिअर लागतात. या तारेतून त्याच्या पस्तिसाव्या हिश्श्याइतकीही धारा येणार नाही.

मिस्त्रींनी मीटर बाजूला ठेवला, दोन वायरी जोडलेला एक बल्ब घेतला आणि त्याच दोन पिनांना लावला. बल्ब पेटला नाही. तपासणी झाली.

पूर्ण बिघडलेल्या तारेपेक्षा अर्धवट बिघडलेली तार एका अर्थी जास्त घातक. समजा पिनेपाशी फक्त २ ओहमचा रोध आहे आणि ट्रेलरवर एकूण ८० वॅटचे साधे बल्ब पेटले आहेत. दिव्यांना साधारण १८ व्होल्टच मिळतात. तंतूच्या बल्बचा प्रकाश व्होल्टेजपेक्षा फार वेगाने घटतो. इथे तो निम्म्याहूनही खाली येतो. शिवाय त्या इवल्याशा पिनेवर सुमारे १७ वॅट उष्णता निर्माण होते. प्रयोगशाळेतली डाग देण्याची छोटी इस्त्री २५ वॅटची असते, हे लक्षात घेतले म्हणजे प्लगचे प्लॅस्टिक का वितळते ते कळते.

दुरुस्तीत मिस्त्रींनी पहिली गोष्ट केली ती म्हणजे चकचकीत तांबे दिसेपर्यंत तार मागे मागे कापली. वीतभर तुकडा गेला. काळ्या तांब्यावर कितीही घट्ट जोड दिला तरी तो टिकत नाही. दोन टोके पिळून वर टेप गुंडाळणे हा तर आपल्याकडचा लाडका उपाय, पण टेपच्या आत पाणी शिरते आणि तिथेच कोंडून राहते. त्याऐवजी त्यांनी पक्कडीने दाबून बसवायची तांब्याची नळी वापरली आणि वर गरम केल्यावर आकसणारी, आतून गोंद असलेली नळी चढवली. सातही जोड एका रेषेत न घेता थोडे मागेपुढे घेतले. म्हणजे एखाद्याचे आवरण झिजले तरी शेजारच्या जोडाला तो टेकणार नाही. मी डाग देण्याविषयी विचारले. "धक्क्यानं तुटतं, साहेब," ते म्हणाले. डाग दिलेला भाग कडक होतो आणि कडक व लवचीक भाग जिथे मिळतात नेमक्या तिथेच तार हादऱ्यांनी थकून तुटते.

प्लगच्या मागची पट्टी त्यांनी केबलच्या बाहेरच्या आवरणावर घट्ट आवळली. घाईत ड्रायव्हर प्लग धरून ओढण्याऐवजी केबल धरून ओढतात. तो ताण आवरणाने सोसायचा, आतल्या तारांनी नव्हे.

वर्गात हे करून पाहता येईल. टॉर्चचे तीन सारखे बल्ब, तीन सेल आणि दोन बटणे घ्या. एका पुठ्ठ्यावर, म्हणजे घोड्यावर, सेल, बटणे आणि एक 'मागचा' दिवा बसवा. दुसऱ्या पुठ्ठ्यावर, म्हणजे ट्रेलरवर, एक 'मागचा' आणि एक 'ब्रेकचा' दिवा. पहिले बटण दोन्ही मागच्या दिव्यांना समांतर जोडा, दुसरे ब्रेकच्या दिव्याला. ट्रेलरवरच्या दोन्ही दिव्यांची परतीची तार एकच ठेवा. आता ती काढा आणि फक्त ब्रेकचे बटण दाबा. तिन्ही दिवे मंद पेटतील. मग ब्रेकचे बटण तसेच दाबून धरून मागच्या दिव्यांचेही बटण दाबा. घोड्यावरचा दिवा झगझगीत पेटेल आणि ट्रेलरवरचे दोन्ही दिवे विझतील. का, ते विद्यार्थ्यांना आकृती काढून शोधू द्या. त्या दोन दिव्यांच्या टोकांमध्ये विभवांतर किती उरले, एवढाच प्रश्न विचारा.