तिसऱ्या चाकाची निगा

१९८८ च्या मोटार वाहन कायद्यात मोटारसायकलची व्याख्या करताना सुटी करता येणारी साइडकार आणि तिचं जादा चाकही त्यात धरलं आहे. म्हणजे साइडकार लावलेली बुलेट तीन चाकांवर उभी असली तरी कायद्याच्या लेखी ती मोटारसायकलच. रस्त्यावर मात्र ती मोटारसायकलसारखी वागत नाही. दुचाकी वळणावर आत झुकते आणि वळणाचा जोर टायरमधून सरळ जमिनीत उतरतो. तिसरं चाक लागलं की झुकणं संपलं. तोच जोर मग आडवा होतो आणि टायर, चाकाच्या तारा, बेअरिंग व जोडांवर येतो. अशी गाडी घरी सांभाळणाऱ्याचं निम्मं काम या आडव्या जोराचा माग काढण्याचं आहे. हौसेचे बदल फसतात तेही बहुधा त्याच्याकडे पाठ फिरवल्यामुळे.

तिचाकीला जगात मोठा मान होता. इंग्लंडमध्ये मॉर्गनने १९०९ मध्ये पहिली तिचाकी बांधली, पुढे दोन चाकं आणि मागे एक. तिच्यावर मोटारीपेक्षा कर कमी पडे, म्हणून बेताच्या मिळकतीच्या घरांत ती शिरली. अमेरिकेत हार्ले-डेव्हिडसनची सर्व्ही-कार १९३२ पासून १९७३ पर्यंत बनत राहिली. तिला उलटा गिअर होता. गॅरेजचा माणूस ती घेऊन गिऱ्हाइकाच्या घरी जाई, गिऱ्हाइकाच्या मोटारीमागे तिला जोडी आणि मोटार चालवत गॅरेजला परते. दिल्लीत दुसऱ्या महायुद्धानंतर लष्कराच्या जुन्या हार्ले गाड्यांच्या मागे बाकं बसवून फटफटी तयार झाली. चांदणी चौक ते कॅनॉट प्लेस अशी माणसं वाहून ती १९९८ मध्ये प्रदूषणापायी बंद झाली. सौराष्ट्रातल्या छकड्याचा पुढचा भाग बुलेटचा, मागचा माल वाहणारा. फटफटी आणि छकडा ही गावच्या मिस्त्रींच्या हातची कामं आहेत, आणि आपल्या यंत्रविद्येच्या इतिहासात त्यांना आजवर मिळाली त्याहून कितीतरी मोठी जागा मिळायला हवी, असं मला ठामपणे वाटतं.

मराठी घरांत तिसरं चाक आलं ते मुख्यतः स्कूटरच्या साइडकारमुळे. नवरा पुढे, मागे बायको, डाव्या हाताच्या साइडकारमध्ये मुलं किंवा आजी. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० रस्त्यावर आली आणि पुढच्या वर्षांत साइडकार हळूहळू मागे पडली. पण वाड्यांच्या बोळांत, सोसायट्यांच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली अजूनही काही उभ्या आहेत. त्या पुन्हा चालत्या करता येतात, आणि त्यासाठी लागणारी बरीचशी हत्यारं घरात असतात.

सुरुवात रंगाने करू नका, मापाने करा. सपाट फरशीवर गाडी उभी करा, तिन्ही टायरांत योग्य हवा भरा आणि साइडकारमध्ये नेहमीचं वजन ठेवा. स्कूटरच्या दोन्ही चाकांच्या बाजूने एक सरळ पट्टी आणि साइडकारच्या चाकाच्या बाजूने दुसरी पट्टी लावायची. दोन पट्ट्यांमधलं अंतर पुढे आणि मागे मोजायचं. पुढचं अंतर मागच्यापेक्षा थोडं कमी हवं, साधारण दहा ते वीस मिलिमीटर. फरक फार झाला तर साइडकारचा टायर घासत चालतो आणि त्याच्या कडेला हात फिरवला की करवतीसारखे दाते लागतात. फरक उरलाच नाही तर गाडी सारखी डावीकडे ओढते. मग ओळंबा घ्या. चालक बसलेला नसताना स्कूटर साइडकारपासून दूर, म्हणजे उजवीकडे, किंचित कललेली हवी, कारण रस्त्याचा डावा उतार आणि माणसांचं वजन तिला सरळ करतात.

वेग घेताना साइडकार मागे राहू पाहते, म्हणून गाडी डावीकडे जाते. ब्रेक लावताना साइडकार पुढे धावू पाहते, म्हणून ती उजवीकडे वळते. डाव्या वळणावर साइडकारचं चाक उचलतं. हे नियम अंगात मुरेपर्यंत रिकाम्या साइडकारमध्ये वीस-पंचवीस किलोची वाळूची गोणी ठेवावी आणि मोकळ्या मैदानात सराव करावा. दुचाकीवर आयुष्य गेलेल्या माणसाने तर नक्कीच, कारण त्याचं शरीर वळणावर आपोआप झुकायला जातं आणि गाडी मात्र हँडल वळवल्याशिवाय वळत नाही.

हलक्या वेगात हँडल थरथरत असेल तर आधी कोनसेट, म्हणजे हँडलच्या दांड्याची बेअरिंग, बघा. मोटारसायकलला तारांची चाकं असतील तर मागच्या चाकाच्या तारा नियमाने वाजवून पाहाव्यात. सैल तारेचा आवाज बोदा येतो. साइडकार जिथे पकडलेली असते तिथले सगळे बोल्ट पान्याने तपासावेत आणि वेल्डिंगच्या टाक्यांवरचा रंग नीट पाहावा. रंगाला केसासारखी चीर गेली असेल तर खाली लोखंडालाही गेलेली असू शकते. जादा ओझ्याने क्लच प्लेटा लवकर झिजतात. चेनच्या गाडीला पुढचं स्प्रॉकेट एक-दोन दातांनी लहान केलं तर चढावर इंजिनाची दमछाक कमी होते. ब्रेक लायनरमध्ये काटकसर करू नये.

एक धोका ठळक सांगायला हवा. जुन्या स्कूटरची रिम दोन भागांत उघडते. चाक हबला धरणारे नट वेगळे आणि रिमचे दोन भाग धरणारे वेगळे. हवा पूर्ण सोडल्याशिवाय रिमचे नट सैल केले तर हवेच्या दाबाने ते भाग उसळतात आणि हात जायबंदी होतो. आधी व्हॉल्व्हची पिन काढा, मगच पाना लावा.

दिव्यांगांच्या स्कूटरला लावलेली बाजूची चाकं हा विषय मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो, कारण तिथे गाडी म्हणजे नोकरी, कॉलेज, बाजार. मागचं मूळ चाक ठेवून दोन्ही बाजूंना एकेक चाक बसवलं जातं, तेव्हा ती चाकं किती खाली आहेत याला फार अर्थ असतो. ती जास्त खाली असली तर खड्ड्यावर मधलं चाक लोंबकळतं, आणि ओढ व ब्रेक दोन्ही त्याच चाकावर असतात. म्हणून उंची ठरवताना मालक स्वतः सीटवर बसलेला हवा. बेअरिंगना पावसाळ्याआधी आणि नंतर ग्रीस द्यावं. कुबड्यांसाठी पकड, हाताने चालणारा मागचा ब्रेक, वर चढताना धरायची दांडी हे बदल मालकाच्या शरीराला विचारून करावेत. तयार साच्यातली जोडणी सगळ्यांना बसत नाही.

कायद्याने इथे एक चांगलं पाऊल टाकलं आहे. पूर्वीच्या व्याख्येत दिव्यांगांसाठीचं वाहन मुळातूनच तसं बांधलेलं लागे, नुसता बदल केलेली गाडी त्यात बसत नसे. २०१९ च्या दुरुस्तीने बदल केलेल्या वाहनालाही त्यात जागा मिळाली. एरवी कलम ५२ कडक आहे. नोंदणी पुस्तकातल्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाला करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच बजावलं. तेव्हा चासी कापण्याआधी आरटीओची पायरी चढावी. मूळ रंगाचाच नवा हात, रेक्झिनची नवी सीट, पावसाचा टप, तळाला पाणी निघायला भोक, ही कामं मोकळेपणाने करण्यासारखी आहेत. डावा इंडिकेटर मात्र साइडकारच्या बाहेरच्या कडेला नेलाच पाहिजे, आणि तिथेच पुढे पांढरा व मागे लाल दिवा. रात्री समोरच्याला गाडीची खरी रुंदी त्यावरूनच कळते. त्या दिव्यांना अर्थची वेगळी तार ओढावी, गंजलेल्या जोडावर विसंबू नये.

आता पुढे दोन चाकं असलेल्या नव्या गाड्याही आहेत. पियाज्योची एमपी३ २००६ ची, कॅनडाची कॅन-ॲम स्पायडर २००७ ची. पहिली झुकते, दुसरी झुकत नाही. स्पायडरचं ऑइल घरी बदलता येईल, पण तिचं स्थैर्य संगणक सांभाळतो आणि तिथे पाना-दोरीवाल्याचं फारसं चालत नाही. म्हणून माझा कौल जुन्या साइडकारलाच. तुमच्या किंवा शेजाऱ्याच्या शेडमध्ये एखादी असेल तर ती भंगारवाल्याला देण्याआधी नोंदणीचे कागद शोधा, जोडांची तपासणी करा आणि जुन्या स्कूटरवर हात बसलेला एखादा मिस्त्री गाठा. असे मिस्त्री आता थोडे उरले आहेत. ते कामावर आहेत तोवर त्यांच्याकडून हे काम शिकून घ्या.