उमेदवार कोण ठरवतो?

आपल्याकडे तिकीट पक्षश्रेष्ठी देतात. अमेरिकेत ते बहुतेक ठिकाणी मतदार ठरवतात, ‘प्रायमरी’ नावाच्या आधीच्या निवडणुकीत. कॅलिफोर्नियाने २०१० साली जनमत घेऊन ही पद्धत मुळापासून बदलली. तरीही तिच्याविषयीचे गैरसमज अजून गेलेले नाहीत.

खुली प्रायमरी आणि पक्षविरहित प्रायमरी एकच, असे अनेकांना वाटते. तसे नाही. मिशिगनची प्रायमरी खुली आहे, पण ती पक्षांचीच. मतदाराने कुठल्याही पक्षाचा रकाना निवडावा, मात्र सगळी मते त्याच रकान्यात द्यावीत. बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार २०२२ मध्ये डेट्रॉइट भागातून अमेरिकी संसदेवर, म्हणजे काँग्रेसवर, गेले ते असेच. डेमोक्रॅटिक प्रायमरी त्यांनी सुमारे २८ टक्के मतांवर जिंकली आणि त्या बालेकिल्ल्यात निकाल जवळपास तिथेच लागला. कॅलिफोर्नियात असे रकानेच नसतात. सगळे उमेदवार एका यादीत, सगळे मतदार तेच, आणि पहिले दोघे नोव्हेंबरच्या लढतीत.

मग पक्ष संपले का? नाही. नावाखाली उमेदवाराची ‘पक्ष-पसंती’ छापलेली असते. राष्ट्राध्यक्षपदाला तर पहिल्या दोघांचा हा नियम लागूच नाही.

‘अंतिम लढतीत दोन्ही पक्ष असतातच’ हा समज सर्वांत महागात पडतो. २०१२ मध्ये कॅलिफोर्नियाच्या ३१व्या मतदारसंघात चार डेमोक्रॅट आणि दोन रिपब्लिकन उभे होते. चौघांत मते फुटली आणि दोन्ही रिपब्लिकन पुढे गेले. नोव्हेंबरमध्ये याच मतदारसंघाने ओबामांना कौल दिला, पण काँग्रेससाठी मतपत्रिकेवर एकही डेमोक्रॅट नव्हता. हा दोष खरा आहे, तो झाकण्यात अर्थ नाही. अलास्काने २०२० मध्ये चौघांना पुढे पाठवण्याचा आणि अंतिम फेरीत पसंतीक्रमाने मत देण्याचा मार्ग स्वीकारला. मला तो अधिक न्याय्य वाटतो.

कॅलिफोर्नियाच्या पद्धतीत मवाळ उमेदवारच निवडून येतात, असेही सांगितले जाते. अभ्यासकांचे त्यावर एकमत नाही. माझ्या मते तिचे बळ वेगळ्याच गोष्टीत आहे: कुठल्याही पक्षात नाव न नोंदवलेल्या माणसालाही पहिल्या फेरीत पूर्ण मताधिकार मिळतो.

कॅलिफोर्नियात मताधिकार असलेले कुणी तुमच्या घरचे असेल, तर त्यांना आवर्जून सांगा: टपालाने आलेली प्रायमरीची मतपत्रिका बाजूला टाकू नका. काँग्रेस आणि विधिमंडळाच्या जागांसाठी नोव्हेंबरमध्ये वेगळे नाव हाताने लिहिण्याची सोय नाही.