पुन्हां विद्यार्थी होतांना



विद्येला वय नसतें, असें आपण सहज म्हणून जातों; परंतु चाळिशीच्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्या माणसानें विद्यापीठाचा अर्ज हातीं घेतला, म्हणजे हें वचन आचरणांत आणणें किती अवघड आहे, तें त्याला कळूं लागतें. गुणपत्रिका जुनी झालेली असते, शिकविणारे गुरुजन निवृत्त झालेले असतात, आणि अर्जांतील एक कोरी जागा उत्तराची वाट पाहत असते. 'हा विषय आपणांस कां शिकावयाचा आहे, तें आपल्या शब्दांत लिहा,' एवढीच तिची मागणी. परदेशांतील पुष्कळ विद्यापीठें आणि आपल्याकडीलहि कांहीं संस्था असा मजकूर मागतात. इंग्रजींत त्याला 'पर्सनल स्टेटमेंट' म्हणतात. आपण त्याला आत्मनिवेदन म्हणूं. नवविधा भक्तींत आत्मनिवेदन ही नववी, म्हणजे अखेरची भक्ति. ती अखेरीस कां ठेविली असावी, याचा थोडासा प्रत्यय या कोऱ्या जागेपुढें बसल्यावर येतो.

एक उदाहरण कल्पूं. नगर रस्त्यावरचें वाघोली हें गांव आपल्या परिचयाचें आहे. वाघेश्वराचें देऊळ आणि पिलाजी जाधवरावांची समाधि ही त्याची जुनी ओळख. दगडखाणी ही त्यानंतरची. आणि उंच इमारतींत राहून रोज संगणकाच्या कचेऱ्यांकडे जाणारा नोकरदार वर्ग ही अगदीं अलीकडची. २०२१ सालीं हें गांव पुणें महानगरपालिकेंत समाविष्ट झालें. येथील एका इमारतींत एक अडतीस वर्षांचे गृहस्थ राहतात, असें समजा. चौदा वर्षें त्यांनीं संगणकाच्या आज्ञावल्या लिहिण्यांत घालविलीं. दर रविवारीं ते खाणकामगारांच्या मुलांना गणित शिकवितात, आणि आतां नोकरी सोडून शिक्षणशास्त्राचा अभ्यास करावा, असें त्यांच्या मनानें घेतलें आहे. घरीं पत्नी आहे, शाळेंत जाणारी मुलगी आहे, घराच्या कर्जाचे हप्ते आहेत. या गृहस्थांनीं त्या कोऱ्या जागेंत काय लिहावें?

अशा वेळीं बहुतेकांची लेखणी दोन आडवाटांना लागते. पहिली वाट क्षमायाचनेची. 'माझें वय अधिक आहे, अभ्यासाची संवय राहिलेली नाहीं, तरी संधि द्यावी,' असें लिहिणारा मनुष्य स्वतःविरुद्धच साक्ष देत असतो. वास्तविक ब्रिटनमध्यें पदवीच्या अभ्यासक्रमाला एकविसाव्या वर्षानंतर येणारा विद्यार्थीहि प्रौढ विद्यार्थीच गणला जातो. तेव्हां वयाचें अप्रूप अर्जदाराला वाटतें तितकें वाचणाराला वाटत नाहीं. दुसरी वाट अलंकाराची. 'लहानपणापासूनच मला शिक्षणक्षेत्राची ओढ होती,' असें वाक्य लिहिलें, कीं वाचणारा साहजिकच विचारतो, 'मग चौदा वर्षें आपण काय करीत होतां?'

या दोन्ही आडवाटा टाळून सरळ कसें चालावें, हें आपल्याच इतिहासांतील एका पत्रावरून शिकतां येतें. १८८३ सालच्या जून महिन्यांत आनंदीबाई जोशी अमेरिकेस पोंचल्या, आणि त्याच महिन्याच्या अखेरीस फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयाला त्यांनीं प्रवेशासाठीं पत्र लिहिलें. त्या प्रौढ नव्हत्या, अवघ्या अठरा वर्षांच्या होत्या. परंतु ठरलेल्या वाटेनें न आलेल्या विद्यार्थ्याची जी अडचण, तीच त्यांचीहि होती. त्यांचें बरेंचसें शिक्षण घरींच, पतीच्या हाताखालीं झालेलें. प्रवेशाच्या सर्व अटी आपण कदाचित् पुऱ्या करूं शकणार नाहीं, हें त्यांनीं पत्रांत लपविलें नाहीं. पण त्याबद्दल त्या रडत बसल्या नाहींत. आप्तांचा आणि ज्ञातीचा विरोध पत्करून जो निश्चय आपणांस इतक्या दूर घेऊन आला, तोच पुढेंहि उपयोगी पडेल, असें त्यांनीं कळविलें. आणि कशासाठीं शिकावयाचें, हेंहि स्पष्ट सांगितलें: पुरुष वैद्याकडून उपचार घेण्यापेक्षां मरण बरें मानणाऱ्या आपल्या देशभगिनींना वैद्यकीय साह्य देण्यासाठीं. त्यांना प्रवेश मिळाला, आणि १८८६ च्या मार्च महिन्यांत त्या एम्. डी. झाल्या. पुढल्याच वर्षीं पुण्यास त्यांचें निधन झालें, ही हळहळ आजहि ताजी आहे.

या पत्राची घडण पाहा. उणीव कबूल केली, पण एकाच वाक्यांत. निश्चयाचा पुरावा म्हणून विशेषणें दिलीं नाहींत, प्रत्यक्ष केलेली गोष्ट दाखविली. आणि शिक्षणाचा हेतु इतका नेमका सांगितला, कीं तो दुसऱ्या कोणाच्या पत्रांत शोभला नसता. उणीव, पुरावा आणि हेतु या तीन गोष्टी प्रामाणिकपणें मांडणें, हेंच आत्मनिवेदनाचें सारें शास्त्र होय.

आतां आपल्या वाघोलीच्या गृहस्थांकडे वळूं. 'मला समाजाचें ऋण फेडावयाचें आहे,' असें त्यांनीं लिहिलें, तर तें खोटें ठरणार नाहीं. पण त्यांतून कांहीं दिसणारहि नाहीं. त्याऐवजीं त्यांनीं असें लिहावें: 'दोन वर्षें मी दर रविवारीं बारा मुलांना गणित शिकवितों. भागाकार बिनचूक करणारीं मुलें तोच भागाकार शाब्दिक उदाहरणांत आला, कीं थांबतात. त्यांच्या घरची भाषा वेगळी आहे, पुस्तकाची वेगळी. त्यांना गणित अडतें कीं भाषा, हें मला ठरवितां येत नाहीं. तें कसें ठरवावें, हें मला शिकावयाचें आहे.' या पांच वाक्यांत अनुभव आहे, निरीक्षण आहे, आणि मुख्य म्हणजे स्वतःच्या ज्ञानाची सीमा जेथें लागली ती जागा आहे. विद्यापीठाचें दार त्याच जागीं असतें.

मग चौदा वर्षांच्या नोकरीचें काय? ती झांकावयाची नाहीं. एखादें मोठें काम लहान पायऱ्यांत मांडणें, कोठें चुकलें तें चिकाटीनें शोधून काढणें, हें त्या नोकरीनेंच शिकविलें. आणि मूल कोणत्या पायरीवर अडलें, हें शोधण्यास तीच दृष्टि लागते. जुन्या आणि नव्या कामामध्यें असा पूल दाखवितां आला, म्हणजे व्यवसाय बदलणें हा लहरीपणा न वाटतां प्रवासाचा पुढला टप्पा वाटतो. पूल नसेल, तर मात्र तो बनावटीनें बांधूं नये.

ब्रिटनमध्यें पदवीच्या प्रवेशाचे अर्ज यूकास या मध्यवर्ती संस्थेमार्फत जातात. २०२६ च्या प्रवेशापासून तेथें सलग निबंधाऐवजीं तीन प्रश्न आले आहेत: हा विषय कां निवडला, आजवरच्या शिक्षणानें त्याची काय तयारी झाली, आणि शिक्षणाबाहेर आपण कोणती तयारी केली. प्रत्येक उत्तर निदान ३५० अक्षरांचें हवें, आणि तिन्ही मिळून, मधल्या मोकळ्या जागा धरून, ४,००० ची मर्यादा. तिसरा प्रश्न प्रौढ विद्यार्थ्याच्या हिताचा आहे. त्याची खरी मिळकत तेथेंच असते. अर्ज कोणत्याहि विद्यापीठाचा असो, प्रथम हीं तीन उत्तरें मराठींत लिहून पाहावीं. मातृभाषेंत जें पोकळ वाटतें, तें इंग्रजींत भरीव होत नाहीं.

हल्लीं संगणकाला सांगून असा मजकूर क्षणांत लिहून घेतां येतो. भाषा तपासण्यापुरतें त्याचें साह्य कोणी घेतलें, तर तें समजण्यासारखें आहे. पण वाघोलीच्या त्या बारा मुलांपैकीं कोण कोठें अडलें, हें त्या यंत्राला ठाऊक नाहीं. आणि तेंच लिहावयाचें असतें.

शेवटीं एक गोष्ट. मजकूर पुरा झाल्यावर तो पाठविण्यापूर्वीं घरांत मोठ्यानें वाचून दाखवावा. पगार थांबणार असेल, तर त्याची झळ ज्यांना लागणार, तींच या निवेदनाचीं पहिलीं परीक्षक होत. ऐकून पत्नी म्हणाली, 'हें सारें खरें आहे, आणि आपण तें निभावूं,' तर अर्ज धाडावा. ती गप्प राहिली, तर मजकूर पुन्हां वाचावा, आणि मनहि पुन्हां तपासावें. कदाचित् नोकरी न सोडतां, नाशिकच्या मुक्त विद्यापीठासारख्या संस्थेंतून आरंभ करणें अधिक शहाणपणाचें ठरेल. तें विद्यापीठ १९८९ सालीं निघालें, तें अशाच संसारी विद्यार्थ्यांना जवळ करण्यासाठीं. विद्यापीठ काय ठरवील, तें त्याच्या हातीं. परंतु आपण कां शिकणार, हें एकदां स्वच्छ लिहितां आलें, म्हणजे प्रवेश मिळण्यापूर्वींच मनुष्य पुन्हां विद्यार्थी झालेला असतो.