नर्तकीला घर, नटाला भात

तंजावरला गेलेला मराठी माणूस बृहदीश्वराचं शिखर बघतो आणि लगेच आवाराच्या भिंतीवरचा भोसल्यांचा शिलालेख शोधायला लागतो. तंजावरचे भोसले राजे दुसरे सरफोजी यांनी १८०३ साली कोरवून घेतलेला हा लेख मराठीत आहे, देवनागरीत आहे आणि भोसले घराण्याचा सगळा इतिहास सांगणारा आहे. त्याच्यापुढे फोटो काढले जातात, ऊर भरून येतो. मात्र शिखरापासून त्या भिंतीपर्यंत जाताना जे अंगण ओलांडावं लागतं, ते कुणी बघत नाही. दुपारी फरशी तापलेली असते, पाय भाजतात, त्यामुळे सगळे झपाझप सावलीकडे पळतात.

साधारण २४० मीटर लांब आणि १२० मीटर रुंद असं हे आवार आहे. गावातले लोक मंदिराला ‘पेरिय कोविल’, म्हणजे मोठं देऊळ म्हणतात. राजराज चोळाने १०१० साली ते पुरं केलं. चारही बाजूंनी ओवऱ्या, मधे मोकळी जागा. हजारो माणसं सहज मावतील. पूजा आणि प्रदक्षिणेला एवढी जागा लागत नाही. ही जागा उत्सवाची आहे. इथे नाच झाले, नाटकं झाली आणि त्यांचा खर्च कसा भागवायचा हेही दगडावर लिहून ठेवलं गेलं.

मला या मंदिरात सगळ्यांत थोर वाटतो तो हा हिशेब. राज्यभरच्या देवळांतून ४०० नर्तकी आणून राजराजाने मंदिराजवळच्या वस्तीत वसवल्या. शिलालेखात प्रत्येकीचं नाव आहे, ती मूळ कुठल्या देवळातली ते आहे, आणि कोणत्या गल्लीच्या कोणत्या ओळीतलं कितवं घर तिचं, तेही आहे. टपालवाल्याने आजही पत्र पोचवावं इतका नेमका पत्ता! प्रत्येकीला एक घर आणि एक वाटा. वाटा म्हणजे वर्षाला १०० कलम भात. कलम हे धान्याचं माप. नृत्य शिकवणाऱ्या गुरूंना दोन वाटे. कुणी मेलं किंवा गाव सोडून गेलं तर वाटा जवळच्या नातेवाइकाला मिळावा. तो कामाचा नसेल तर त्याने लायक माणूस निवडून द्यावा. जागा वारसाहक्काने, पण काम येत असेल तरच, ही अट आपल्याकडच्या बऱ्याच संस्थांना आजही घालता आलेली नाही.

पुढे अकराव्या शतकाच्या मध्यावर, दुसऱ्या राजेंद्राच्या काळात, एका नटाची नेमणूक झाली. वैशाखातल्या उत्सवात त्याने ‘राजराजेश्वर नाटक’ करायचं आणि त्याबद्दल त्याला व त्याच्या वंशजांना दरसाल १२० कलम भात मिळायचा. नाटकाची संहिता आज उरलेली नाही, मानधनाची नोंद मात्र उरली आहे. आपल्या रंगभूमीच्या इतिहासात सहसा याच्या उलट घडतं.

गाभाऱ्याच्या वरच्या मजल्याच्या बोळात भरताच्या नाट्यशास्त्रातल्या १०८ करणांची, म्हणजे नृत्यातल्या हालचालींची, शिल्पं कोरायची होती. ८१ झाली, पुढचे दगड कोरेच राहिले. सामान्य प्रेक्षकाला तो मजला खुला नसतो.

चोळ गेले, नायक आले. नंदीमंडप ही नायकांची भर. मग १६७० च्या दशकात भोसल्यांचे व्यंकोजीराजे आले. त्यांचे चिरंजीव शहाजीराजे १६८४ साली गादीवर बसले आणि त्यांनी स्वतः तेलुगू व मराठी नाटकं लिहिली. विष्णुदास भाव्यांचं ‘सीतास्वयंवर’ सांगलीत १८४३ साली झालं; त्याच्या सुमारे दीडशे वर्षं आधीची ही गोष्ट. आपल्या पाठ्यपुस्तकांत ती तळटिपेत असते.

अठराव्या शतकात मंदिरात फौजांनी तळ ठोकले. दुसरे सरफोजी १७९८ साली गादीवर आले. पुढच्याच वर्षी तहाने राज्याचा कारभार ईस्ट इंडिया कंपनीकडे गेला. राजाच्या हातात उरला किल्ला, तनखा आणि हौस. मंदिराची दुरुस्ती झाली आणि अंगण पुन्हा गाजू लागलं. त्यांच्यावर रचलेली ‘सरभेंद्र भूपाल कुरवंजी’ ही तमिळ नृत्यनाटिका उत्सवात मंदिरातल्या नर्तकी सादर करत. राजावर जीव जडलेली नायिका आणि तिचा हात बघून भविष्य सांगणारी डोंगरातली कुरवंजी बाई, एवढीच गोष्ट. मराठी राजाच्या प्रेमात पडलेली नायिका, शिवाच्या अंगणात, तमिळ बोलात: हे त्या काळी कुणाला विचित्र वाटलं नाही. चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम आणि वडिवेलू हे चार भाऊ याच दरबारातले. अलारिप्पूपासून तिल्लान्यापर्यंतचा जो क्रम आज भरतनाट्यमच्या प्रत्येक अरंगेत्रमला, म्हणजे पहिल्या जाहीर प्रयोगाला, पाळला जातो, तो त्यांनी बसवलेला.

१८५५ साली गादी खालसा झाली. मंदिरांना आश्रय देणारा हात आखडला, आणि १९४७ च्या मद्रास कायद्याने या नर्तकींना देवदासी म्हणून देवाला सोडण्याची प्रथा बंद झाली. ती बंद व्हायलाच हवी होती. त्या बायकांच्या वाट्याला आलेली फरफट विसरून जुन्या वैभवाचे कढ काढण्यात अर्थ नाही. मात्र अंगणाचे ठरलेले कलावंतही तिथेच संपले.

त्यानंतर अंगण जागं होतं ते प्रसंगाप्रसंगाने. ७ जून १९९७ रोजी कुंभाभिषेकाच्या, म्हणजे मंदिराच्या पुनःप्रतिष्ठेच्या विधीच्या, तयारीत यज्ञाच्या मांडवाला आग लागली आणि चाळीसहून अधिक माणसं गेली. पुढचा कुंभाभिषेक व्हायला फेब्रुवारी २०२० उजाडलं. सप्टेंबर २०१० मध्ये मंदिराच्या सहस्राब्दीनिमित्त नृत्यांगना पद्मा सुब्रह्मण्यम यांच्या नेतृत्वाखाली १,००० नर्तकी इथे एकत्र नाचल्या. डिसेंबर २०१८ मध्ये मात्र एका संस्थेच्या ध्यानशिबिरासाठी आवारात मांडव घातला जात होता, तो उच्च न्यायालयाने थांबवला. ते बरंच झालं. ही जागा भाड्याचं मंगल कार्यालय नाही. १९८७ पासून ती जागतिक वारसा आहे आणि भोसले घराण्याचे वंशज आजही तिचे वंशपरंपरागत विश्वस्त आहेत.

मराठी नाट्यसंस्थांना एक सुचवावंसं वाटतं. सरफोजींनी स्वतः मराठीत ‘देवेंद्रकुरवंजी’ लिहिली. तिच्यात कुरवंजी हात बघता बघता अख्ख्या जगाचा भूगोल पदांमधून सांगते. तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयाने ती छापलेली आहे. संगीत नाटकांच्या महोत्सवांत तीच ती पाच-सहा नाटकं फिरत असतात. एखाद्या वर्षी हे नाटक बसवा. पहिला प्रयोग सांगलीत करा, दुसऱ्यासाठी पेरिय कोविलच्या विश्वस्तांकडे आणि पुरातत्त्व खात्याकडे रीतसर अर्ज करा. आणि नटांचं मानधन आधी ठरवा.