विस्तव वाहून नेणारे धागे

पणतीत वात जळते असं आपण म्हणतो, पण खरं जळतं ते तेल. कापसाच्या धाग्यांमधून तेल वर चढतं, ज्योतीच्या उष्णतेने त्याची वाफ होते आणि ती वाफ पेटते. तेल असेतोवर वात शाबूत राहते. रानात मात्र माणसाने धाग्यांचा दुसराच गुण वापरला, तो म्हणजे ज्वाला न होता तासन्‌तास धुमसण्याचा. जॉन वॉकरने घर्षणाने पेटणारी काडी १८२७ साली इंग्लंडमध्ये विकायला काढली. त्याआधी हजारो वर्षं आग सोबत नेता येणं हे ती पेटवता येण्याइतकंच मोलाचं होतं.

ठिणगी ते ज्वाला

अग्निहोत्रातल्या अरणींमध्ये लाकूड लाकडावर दोरीने घुसळतात. घर्षणाने काळपट भुगा पडतो, तापतो, धुरू लागतो आणि त्याच्या पोटात इवलासा विस्तव फुलतो. चकमकीची रीत वेगळी. गारगोटीच्या धारेवर पोलाद आपटलं की त्याचा सूक्ष्म कीस उडतो आणि हवेत पेटतो; ठिणगी म्हणजे जळतं लोखंडच. साध्या चिंधीवर ती बहुधा विझते. म्हणून सुती चिंधी झाकणबंद डब्यात, हवा फारशी लागू न देता, काळी होईतो भाजतात. कोळसा झालेला धागा ठिणगी चटकन धरतो.

पुढची पायरी दोन्हींत सारखीच. वाळलं गवत, नारळाच्या सोडणाचा काथ्या, केळीचं सुकं सोपट हाताने चोळून मोकळं करायचं आणि पाखराच्या घरट्यासारखी खोलगट जुडी बांधायची. जाड धागे बाहेर, मऊ आत. सावरीचा कापूस भसकन पेटतो आणि तितक्याच झटक्यात संपतो, म्हणून तो चिमूटभरच घ्यावा. मधोमध विस्तव ठेवून जुडी अलगद मिटायची आणि लांब, मंद फुंकर घालायची. धूर दाट होत जातो आणि मग जाळ उठतो.

पिळाचं काम

तापलेल्या धाग्यातून वायू निघून जातात आणि मागे कोळसा उरतो. हवेतला ऑक्सिजन मिळताच तो पृष्ठभागावर जळतो आणि त्या उष्णतेने शेजारचा धागा कोळसा होतो. अशी ही धग दोरीतून पुढे सरकते. सैल दोरी भराभर संपते, घट्ट पिळाची हळू जळते; पीळ फारच आवळला तर हवेवाचून विझते. पानटपरीवर विडी पेटवण्यासाठी टांगलेला सुंभ याच हिशेबाने धुमसतो.

तोड्याच्या बंदुकीचं तंत्रही हेच. तोडा म्हणजे सोऱ्याच्या पाण्यात भिजवून वाळवलेली दोरी. सोरा ऑक्सिजन पुरवतो, त्यामुळे धग खंडत नाही. पावसात मात्र तोडा भिजून विझे आणि अंधारात त्याचं लाल टोक बंदूकवाल्याचा ठाव सांगे.

ओत्झीचा डबा

१९९१ साली आल्प्समध्ये, सुमारे ३,२१० मीटर उंचीवर, बर्फात एका माणसाचं शव सापडलं. सुमारे ५,३०० वर्षांपूर्वीच्या या माणसाला ओत्झी म्हणतात. त्याच्याजवळ भूर्ज जातीच्या झाडाच्या सालीचे दोन डबे होते. त्यांतल्या एकात मेपलची पानं आणि कोळशाचे कण मिळाले. पानांत गुंडाळलेला निखारा तो याच डब्यातून नेत असावा. कमरेच्या थैलीत ठिणगी धरणारी वाळकी बुरशी होती आणि तिच्यावर पायराइट या खनिजाचे अंश होते. आग नेण्याचं साधन आणि नव्याने काढण्याचं साधन, दोन्ही त्याने जवळ बाळगलं होतं.

विझवण्याची जबाबदारी

धुमसत्या दोरीला ज्वाला नसते, म्हणूनच ती जास्त धोक्याची. तिच्यातून कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू निघतो. तंबूत ती कधीही ठेवू नये. फेब्रुवारी ते मे या काळात सह्याद्रीतलं गवत कडकडीत वाळलेलं असतं आणि वनखात्याच्या जाळरेषाही प्रत्येक वणवा अडवू शकत नाहीत. त्या दिवसांत रानात हा प्रयोग नकोच. घराच्या अंगणात करावा, शेजारी पाण्याची बादली ठेवून. शेवटी दोरी उकलून पाण्यात बुडवावी, राखेत पाणी ओतून ती ढवळावी आणि हाताची पालथी बाजू जवळ नेऊन धग उरली नाही ना, हे पाहावं. ही विद्या मुलांना जरूर शिकवावी. पण पहिला धडा विझवण्याचा द्यावा आणि तो पक्का झाल्यावरच त्यांच्या हाती चकमक द्यावी.