एका लहान पॅरिशचा इतिहास कसा वाचावा : इंग्लंडमधील मिडलचे उदाहरण

राजे, लढाया आणि तह यांचा इतिहास तुम्ही शाळेपासून वाचत आला आहात. तीन-चारशे वर्षांपूर्वीच्या साध्या शेतकरी कुटुंबांचा इतिहास मात्र कोणत्या साधनांतून उभा राहतो? हे समजून घेण्यासाठी या पाठात आपण इंग्लंडच्या श्रॉपशर परगण्यातील मिडल ही लहान ग्रामीण पॅरिश पाहू.

१. पॅरिश म्हणजे काय?

एका चर्चच्या आणि त्याच्या धर्मगुरूच्या हद्दीत येणारा प्रदेश म्हणजे पॅरिश. तिच्यात अनेकदा एकाहून अधिक वस्त्या असत. मिडल पॅरिशमध्ये मिडलखेरीज मार्टन, न्यूटन अशा वस्त्या होत्या. १६०१ च्या कायद्याने गरिबांना पोसण्याची जबाबदारी पॅरिशवर आली आणि त्यासाठी स्थानिक कर गोळा होऊ लागला. म्हणजे पॅरिश हे धार्मिक आणि प्रशासकीय असे दोन्ही एकक होते. तिची कागदपत्रे विपुल असण्याचे हे एक मोठे कारण आहे.

२. नोंदवह्या आणि त्यांच्या मर्यादा

१५३८ मध्ये थॉमस क्रॉमवेलने प्रत्येक पॅरिशने बाप्तिस्मा, विवाह आणि दफन यांची नोंद ठेवावी असा हुकूम काढला. जन्म-मृत्यूची सरकारी नोंदणी १८३७ मध्ये सुरू झाली. त्यामुळे मधल्या तीनशे वर्षांसाठी कुटुंबाच्या इतिहासाचे मुख्य साधन म्हणजे या वह्या.

त्या वाचताना तीन गोष्टी लक्षात ठेवा. पहिली, तारीख बाप्तिस्म्याची असते, जन्माची नव्हे. दुसरी, १६४० व १६५० च्या दशकांतील यादवी आणि उलथापालथीमुळे अनेक ठिकाणच्या वह्यांत खंड पडला आहे. तिसरी, १७५१ पर्यंत इंग्लंडमध्ये कायदेशीर वर्ष २५ मार्चला सुरू होई. समजा, एका जोडप्याचा विवाह जून १६५० मध्ये आणि त्यांच्या मुलाचा बाप्तिस्मा फेब्रुवारी १६५० मध्ये नोंदलेला आहे. मूल लग्नाआधीचे, असा निष्कर्ष तुम्ही काढाल. पण तो फेब्रुवारी आपल्या गणनेने १६५१ चा, म्हणजे लग्नानंतर आठ महिन्यांनी येणारा आहे.

३. बाकांवरून लिहिलेला इतिहास

मिडलला या वह्यांखेरीज एक दुर्मीळ साधन लाभले. रिचर्ड गॉफ (१६३५–१७२३) हा तिथलाच जमीनधारक शेतकरी. वयाची पासष्टी ओलांडल्यावर, १७०१-०२ च्या सुमारास, त्याने चर्चमधील बाकांचा आराखडा समोर ठेवला आणि प्रत्येक बाकावर हक्क असलेल्या कुटुंबाची हकिकत लिहिली. बाकाचा हक्क घराशी किंवा जमिनीशी जोडलेला असे. पुढे मोठे जमीनदार, त्यांच्यामागे शेतकरी आणि सर्वांत मागे व कडेला झोपडीवजा घरांत राहणारे, अशी बसण्याची रीत होती. त्यामुळे बाकांचा आराखडा हाच गावाच्या उतरंडीचा नकाशा ठरतो.

गॉफने विवाह, वारसा आणि भांडणे तर नोंदवलीच, शिवाय दारूपायी बुडालेली घरेही लिहून ठेवली. १६४२ मध्ये यादवी युद्ध सुरू झाले तेव्हा राजाच्या फौजेसाठी झालेली भरती त्याने लहानपणी डोळ्यांनी पाहिली होती. तो सांगतो की मिडल, मार्टन आणि न्यूटन या तीन वस्त्यांतून २० पुरुष लढायला गेले आणि त्यांपैकी १३ मारले गेले. दूरच्या रणांगणावर पडलेल्या माणसाचे दफन गावच्या वहीत सहसा सापडत नाही. तिथे वही गप्प राहते आणि गॉफची आठवण बोलते.

पण आठवणही तपासून घ्यावी लागते. इतिहासकार डेव्हिड हेय यांनी १९७४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात गॉफचा मजकूर नोंदवह्या, मृत्युपत्रे आणि इतर कागदांशी ताडून पाहिला. तो बहुतांशी विश्वसनीय ठरला.

४. कागदांत कोण दिसते?

१६६२ च्या कायद्यानुसार, पॅरिशवर भार पडेल असे वाटल्यास नव्याने आलेल्या गरिबाला त्याच्या मूळ पॅरिशमध्ये परत धाडता येई. 'हा माणूस आमचा की तुमचा?' यावर पॅरिशांमध्ये खटले चालत. मिडलच्या अशा खटल्यांवर गॉफने स्वतंत्र प्रकरणच लिहिले आहे. श्रीमंत माणूस कागदात येतो तो मालमत्तेमुळे. गरीब माणूस बऱ्याचदा येतो तो खर्चाची बाब म्हणून. म्हणून अशा कागदात गरिबाचे नाव दिसले की आधी विचारा : हे कोणी लिहिले आणि कशासाठी? त्याचे स्वतःचे म्हणणे त्यात क्वचितच असते.

सारांश

एकटे साधन अपुरे असते. नोंदवही तारीख देते, मृत्युपत्र मालमत्ता दाखवते, खटला संघर्ष उघड करतो आणि आठवण माणूस उभा करते. ही साधने एकमेकांशी ताडून पाहिली, तरच कुटुंबाचा इतिहास विश्वासार्ह होतो.

स्वाध्याय

१. बाकांच्या आराखड्यावरून गावाची सामाजिक रचना कशी कळते?
२. नोंदवहीत दफनाची नोंद न सापडण्याची दोन संभाव्य कारणे लिहा.
३. तुमच्या कुटुंबातील ज्येष्ठांची एक आठवण लिहून घ्या आणि ती कोणत्या कागदाशी ताडता येईल ते सांगा.