रेडिओ-ग्राहीतील सिरॅमिक धारित्रांची निवड

काष्टीच्या वायव्येस, पुणे जिल्ह्यातील जुन्नर तालुक्यात खोडद येथे टाटा मूलभूत संशोधन संस्थेची मीटरतरंग रेडिओ दुर्बीण आहे. प्रा. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली उभारलेल्या या दुर्बिणीत ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आहेत. आकाशातून तेथे पोहोचणारी शक्ती अतिशय क्षीण असते. पहिल्या विवर्धकापूर्वी तिच्यात जो गोंगाट मिसळतो, तो पुढील कितीही विवर्धनाने दूर होत नाही. म्हणून त्या जागी बसणारे धारित्र, ज्यास बाजारात कंडेन्सर म्हणतात, क्षुल्लक मानून चालत नाही.

आदर्श धारित्र ऊर्जा खर्च करीत नाही. प्रत्यक्षातील धारित्राशी मात्र एक अल्प रोध एकसरीत जोडलेला आहे असे मानावे लागते. त्याचे दोन भाग आहेत. अपारक पदार्थातील व्ययामुळे येणारा भाग कंप्रता वाढेल तसा घटतो. पत्रे व टोके यांच्या धातूतील भाग, प्रवाह पृष्ठभागाशीच एकवटत असल्यामुळे, कंप्रतेच्या वर्गमूळाच्या प्रमाणात वाढतो. काही मेगॅहर्ट्झपर्यंत पहिल्याचे, काही शे मेगॅहर्ट्झवर दुसऱ्याचे प्राबल्य असते. १ मेगॅहर्ट्झवर मोजलेला व्ययांक पाहून ३२७ मेगॅहर्ट्झसाठी धारित्र निवडण्याची चूक येथूनच उद्भवते. दोन नगांचे सिरॅमिक एकच असूनही वरच्या कंप्रतेवर त्यांचे वर्तन भिन्न असू शकते.

३२७ मेगॅहर्ट्झवर १० पिकोफॅरड धारित्राचा रिॲक्टन्स सुमारे ४९ ओहम भरतो. रोध ०.१ ओहम असल्यास गुणांक सुमारे ४९० येतो, ०.५ ओहम असल्यास अवघा ९७. ५० ओहमच्या मार्गात असे धारित्र एकसरीत घातले, तर सामान्य तपमानास पहिले सुमारे ०.६ व दुसरे सुमारे २.९ केल्व्हिन गोंगाट वाढविते. मेलित मंडलात फिरणारा प्रवाह कित्येक पट मोठा असल्याने हानी याहून अधिक होते.

पदार्थाचा विचारही सुटत नाही. एके काळी या कामी अभ्रकाचाच मान होता, आणि कोडर्माचे अभ्रक जगभर जात असे. टिटॅनियम डाय-ऑक्साइडची धारिता तपमानाबरोबर घटते. तीत विरुद्ध वृत्तीचे टिटॅनेट मिसळून जवळजवळ स्थिर असे सिरॅमिक तयार होते. 'एन-पी-शून्य' वर्गात हा बदल दर अंशास दशलक्षात ३० भागांच्या आत राहतो. तबकडीच्या नाभीशी उन्हात तापणाऱ्या पेटीत तपमान ३० अंशांनी चढले, तरी मेलन ०.०५ टक्क्याहून कमी सरकते. बेरियम टिटॅनेटची धारित्रे लहान आकारात मोठी धारिता देतात; परंतु त्यांचा व्यय मोठा आणि 'एक्स-७-आर' वर्गातील धारिता तपमानानुसार १५ टक्क्यांपर्यंत बदलणारी. वीजपुरवठ्याच्या तारेवर ती शोभतात, मेलित मंडलात नव्हेत.

प्रवर्तकताही ध्यानात घ्यावी. १०० पिकोफॅरड व १ नॅनोहेन्री यांचे अनुस्पंदन ५०३ मेगॅहर्ट्झवर होते. त्यापुढे ते धारित्र प्रवर्तकाप्रमाणे वागते. दोन असमान धारित्रे समांतर जोडल्यास मधल्या एखाद्या कंप्रतेवर संरोध उलट वाढतो, हे पुष्कळांना उशिरा उमगते.

०.१ ओहमचा रोध साध्या सेतूने विश्वसनीयपणे मोजता येत नाही. त्यासाठी समाक्ष अनुस्पंदी नळीत धारित्र बसवून, ते घालण्यापूर्वीच्या व नंतरच्या अनुस्पंदनाची रुंदी ताडून पाहतात.